खान्देशातून मुंबईचं वस्तुसंग्रहालय बघायला जाताना

दवाखान्याच्या, कोर्टाच्या, लग्नकार्याच्या निमित्तानं खान्देशातली माणसं वरचेवर मुंबईला जातात. काम आटोपलं आणि गाडीला दोन-अडीच तास असले, की 'चला, म्युझियम तरी बघून घेऊ' म्हणून फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरतात. तीन मजले धावत होतात, पाय दुखतात, आणि घरी आल्यावर काय बघितलं ते सांगता येत नाही. यात बघणाऱ्याचा दोष नाही. संग्रहात पन्नास हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यातल्या चाळीस-पन्नास नीट बघायला तीन-चार तास लागतात आणि त्यानंतर डोळे आणि डोकं दोन्ही थकतात. म्हणून एक अख्खा दिवस फक्त या कामासाठी ठेवा आणि तीन दालनं निवडा. बाकीचं राहिलं तर राहू द्या, ते पुढच्या खेपेला होईल.

वार, वेळ, हंगाम

हे वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ते बंद असतं, आणि आपल्याकडचे लोक जोडून सुट्टी आली म्हणून नेमके याच दिवशी जातात. वेळ सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा. तिकिटाचे आणि फोटोचे दर बदलत असतात, ते आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघून घ्या. समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. त्यामुळे मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार धरला की कुठेच कुलूप बघावं लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली असते, पण शाळांच्या सहली असतात. बस सकाळी अकराच्या सुमाराला येतात आणि तळमजला गजबजून जातो. अशा दिवशी दार उघडल्याबरोबर आत जा आणि थेट वरच्या मजल्यावरून सुरुवात करा. काळा घोडा कला महोत्सव बहुधा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नऊ दिवस भरतो. महोत्सव बघायचा असेल तर जरूर जा, पण संग्रहालय शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा. मे महिन्यात मुंबईचा घाम जळगावच्या ४५ अंशांपेक्षा जास्त दमवतो, कारण तो वाळतच नाही. पावसाळ्यात आत गर्दी कमी असते. पण कसारा घाटात किंवा कल्याणच्या पुढे गाडी अडकली तर अर्धा दिवस वाया जातो, म्हणून जुलैत जायचं तर मुक्काम धरूनच जा.

जाणं आणि सामान

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडच्यांना रात्रीची गाडी सोयीची. विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती एक्स्प्रेस सकाळी लवकर सीएसएमटीला सोडते. धुळ्याहून रात्रीची एसटी पकडता येते किंवा चाळीसगावला येऊन गाडी घेता येते. नंदुरबारकडच्यांनी सुरतमार्गे पश्चिम रेल्वेनं यावं आणि लोकलनं चर्चगेटला उतरावं. सीएसएमटीपासून हुतात्मा चौकातून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, चर्चगेटहून थोडी कमी. टॅक्सीवाल्याला 'म्युझियम, रीगलसमोर' एवढं पुरतं.

सकाळी सहा-सातला पोचल्यावर सव्वादहापर्यंत वेळ काढायचा असतो. वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच खाऊन घ्या. मोठी बॅग स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाका. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. चेनला कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत, आणि मग दिवसभर ती खांद्यावर मिरवावी लागते. खाण्याचं काही बॅगेत ठेवून जाऊ नका.

बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडून मागे वळून स्टेशन बघा. ही इमारत वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. तिच्यावरची पानं, पक्षी, माकडं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरली आहेत. सकाळचं तिरपं ऊन असताना कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी ते सपाट होतं. उजेड कुठून येतो यावर दगड कसा दिसेल हे ठरतं, ही गोष्ट इथेच डोळ्यात भरून घ्या, पुढे दालनात कामाला येईल.

अंगावर गडद रंगाचे कपडे घाला. आपल्याकडे प्रवासाला पांढरा सदरा घालायची सवय असते, पण काचेच्या कपाटासमोर उभं राहिलं की पांढऱ्या कापडाचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि मागचं लघुचित्र दिसेनासं होतं. पायात मऊ तळव्याचे बूट किंवा सँडल असू द्या. झिजलेल्या चपलेनं फरशीवर तीन तास चाललं की पोटऱ्या भरून येतात. जवळ छोटी पिशवी, ओळखपत्र, इअरफोन, एक वही आणि पेन्सिल ठेवा. पेन नको. त्याची शाई उडाली तर पुसली जात नाही, म्हणून जगभरच्या बऱ्याच संग्रहालयांत पेन्सिलच चालते. आत जाण्याआधी पाणी पिऊन घ्या, दालनात खाणंपिणं चालत नाही. मध्ये जेवायला बाहेर पडून त्याच तिकिटावर परत येता येईल का, हे तिकीट घेतानाच विचारा.

घरची तयारी

मुंबईच्या माणसापेक्षा खान्देशच्या माणसाचं एक बरं आहे: अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहे. पाहुणे आले की त्यांना तिथे नेणारे आपण स्वतः तिथे फार कमी बघतो. मुंबईला जाण्याआधी एकदा फक्त १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांसाठी अजिंठ्याला जा. सोमवारी अजिंठा बंद असतो. १ क्रमांकाच्या लेण्यात आत शिरताच काहीच दिसत नाही, कारण उन्हातून आलेल्या डोळ्यांना मंद उजेडाची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. बहुतेक लोक तेवढा वेळ थांबतच नाहीत आणि 'सगळं पुसलं गेलंय' म्हणत बाहेर पडतात. गर्दी कमी असताना एका कडेला उभे राहा. आधी पद्मपाणीचा, म्हणजे कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचा, चेहरा दिसेल, मग हातातलं कमळ, मग आजूबाजूची माणसं एकेक करून पुढे येतील. भिंतीवर भाताचा तूस घातलेला मातीचा गिलावा, त्यावर पातळ चुन्याचा हात आणि कोरड्या पृष्ठभागावर रंग, असं ते काम आहे. गिलावा जिथे सुटलाय तिथे हे थर उघडे दिसतात.

चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग त्या घरात काढला, १९८९ मध्ये तिथेच ते वारले, आणि आता ते घरच त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड खेळवून त्यांनी उभी केलेली दृश्यं मुलांना फार आवडतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह आहे. जुन्या मूर्ती आणि कागदपत्रं गर्दीशिवाय बघायची सवय तिथे होते. यातलं एक तरी ठिकाण आधी बघितलेला माणूस मुंबईला गोंधळत नाही.

मग संकेतस्थळावरची दालनांची यादी वाचा आणि तीन निवडा. पहिल्यांदा जाणाऱ्याला आमचा सल्ला असा: एक दगडी शिल्पांचं दालन, एक लघुचित्रांचं, आणि तिसरं घरातल्या सगळ्यात कंटाळणाऱ्या माणसाच्या आवडीचं. शस्त्रं, नाणी, चिनी-जपानी भांडी, पक्षी-प्राणी, काहीही चालेल.

इमारत आणि दालनं

आत शिरायच्या आधी बागेतून घुमट बघा. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी तो विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणावर बेतलाय. पायाभरणी १९०५ सालची. पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं आणि लोकांसाठी दारं उघडली १९२२ मध्ये. काळा दगड कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा. काळा दगड आपल्या ओळखीचाच आहे: अजिंठा ज्या बेसॉल्टमध्ये कोरलंय त्याच जातीचा.

मोठी पिशवी जमा करा, पावती खिशात टाका. मराठी ऑडिओ गाइड चालू आहे का ते तिथेच विचारा. फोटोचा परवाना हवा असेल तर आत्ताच घ्या, पण एक सांगणं आहे: पहिला तास मोबाइल खिशातच राहू द्या. फोटो काढला की मन 'झालं बघून' असं ठरवून टाकतं. फ्लॅश, सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड चालत नाहीत.

शिल्पांच्या दालनात प्रत्येक मूर्तीसमोर थांबू नका. एक फेरी रिकामी मारा, चार-पाच मिनिटांची. ज्या पाच-सहा मूर्तींनी पाय थबकले, त्यांच्याकडे परत या. मग क्रम असा ठेवा. आधी मूर्तीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर उभं राहून सगळी आकृती एकदम बघायची: वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे वळलीय. मग जवळ जाऊन दागिने, वस्त्राच्या चुण्या, छिन्नीच्या खुणा. मग दोन्ही बाजूंनी. मागची बाजू ओबडधोबड सोडलेली असेल तर ती मूर्ती भिंतीत बसवलेली होती. चारही बाजूंनी काम असेल तर तिच्याभोवती लोक फिरत होते. फलक सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी वाचला की डोळे फक्त फलकावर लिहिलंय तेवढंच शोधतात.

कर्नाटकातल्या ऐहोळेच्या हुच्चप्पय्या गुडी या देवळातून आणलेले मोठे दगडी पट इथे आहेत, त्यातला ब्रह्मदेवाचा पट चुकवू नका. सातव्या शतकातलं चालुक्यांचं काम. ते मूळचे छताचे पट. देवळात माणूस मान वर करून ते बघायचा, इथे ते समोर उभे आहेत. म्हणून थोडं खाली वाकून, तिरप्या नजरेनं बघा, उडणाऱ्या आकृत्या का तशा वळल्यात ते कळतं.

घारापुरीची महिषासुरमर्दिनीही इथेच आहे, भंगलेली. वणीच्या गडावर जाणाऱ्या खान्देशी माणसाला ही देवी वेगळी सांगावी लागत नाही. सप्तशृंगीचे अठरा हात डोळ्यासमोर आणा आणि इथल्या मूर्तीचे उरलेले हात, शस्त्रं, रेड्याची जागा मोजून बघा. हात तुटले की मूर्ती ओळखायची कशी, हे इथे शिकता येतं: वाहन, पायाखालची आकृती, मुकुट, खांद्यापासून निघणाऱ्या हातांचे बुंधे. नाक आणि बोटं आधी तुटतात, कारण ती दगडातून सुटी पुढे आलेली असतात. प्रत्येक तुटलेलं नाक कुणी मुद्दाम फोडलेलं नसतं.

मीरपूर खासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती बघताना अजिंठ्याची तयारी कामी येते. मीरपूर खास सिंधमध्ये आहे आणि सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणून तिथल्या स्तूपाच्या वस्तू मुंबईत आल्या. हातात कमळ घेतलेला, कुरळ्या केसांचा एक दाता, म्हणजे दान देणारा भक्त, त्यात आहे. त्याच्यासमोर उभे राहा आणि अजिंठ्याचा पद्मपाणी आठवा. एकीकडे रंग, दुसरीकडे माती, दोन ठिकाणांमध्ये हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि तरी खाली झुकलेल्या पापण्यांची धाटणी किती जवळची आहे ते बघा. या एका तुलनेसाठी पंधरा मिनिटं द्यावीत असं आम्हाला मनापासून वाटतं.

कांस्यमूर्तींमध्ये चोपडा तालुक्यातल्या चहार्डीची ऋषभनाथांची मूर्ती शोधा. ही चौविसी आहे, म्हणजे मधल्या ऋषभनाथांभोवती बाकीचे तेवीस तीर्थंकर. आपल्या तापी खोऱ्यातल्या गावातली ही मूर्ती मुंबईला आहे हे खुद्द जळगाव जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरून ऋषभनाथ ओळखतात, डोक्यावर नागफणा असेल तर पार्श्वनाथ. मुलांना तेवीस लहान आकृत्या मोजायला लावा, मोजताना बघणं आपोआप होतं. वस्तू कधी दुसऱ्या प्रदर्शनाला जातात, कधी दुरुस्तीला, म्हणून दिसली नाही तर दालनातल्या कर्मचाऱ्याला 'दादा, चहार्डीची मूर्ती कुठाय?' असं सरळ मराठीत विचारा. फिरत बसण्यापेक्षा ते बरं. धातूच्या मूर्तीला चुकूनही हात लावू नका. घामातलं मीठ कांस्याला लागलं की हिरवट गंज धरतो आणि तो आत खात जातो.

इथवर सव्वा-दीड तास झालेला असतो. बसा. बाकावर किंवा बाहेर व्हरांड्यात दहा-पंधरा मिनिटं काहीही न बघता बसा. इथे न बसता वर गेलेला माणूस लघुचित्रांच्या दालनातून दोन मिनिटांत बाहेर येतो.

लघुचित्रांच्या दालनात उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. कागद आणि कापडावर उजेडानं होणारं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आतला उजेड ठेवायचा संकेत आहे. डोळे स्थिरावू द्या. ही चित्रं मूळची भिंतीवर टांगायची नव्हती, मांडीवर पोथीसारखी धरून बघायची होती. म्हणून नजर काचेपासून वीत-दीड वीत अंतरावर न्या, हात मागे बांधा. काचेत दिवा चमकत असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरका. डोकं थोडं खालीवर केलं की सोन्याचा रंग लागलेल्या जागा लकाकतात, समोरून त्या मळक्या पिवळ्या दिसतात. एका चित्राला तीन मिनिटं द्या: आधी माणसं, मग कपडे, मग मागची झाडं-पक्षी, शेवटी कडेची चौकट. दहा चित्रं म्हणजे अर्धा तास, तेवढं पुष्कळ.

अकबराच्या काळातल्या 'अन्वार-इ-सुहैली'ची चित्रं या संग्रहात आहेत. पंचतंत्रातल्या गोष्टी फिरत फिरत फारसीत गेल्या, त्यांचं हे रूप. चित्रात कासव, सिंह, कावळे दिसले की गोष्ट आधी आपल्या आठवणीतून ओळखायची आणि मग फलकाशी ताडून बघायची. याच अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूरसकट खान्देश मोगलांकडे गेला. त्याची ढाल आणि चिलखतही याच इमारतीत आहे.

फलक वाचताना लोक दोन ठिकाणी हमखास चुकतात. सातवं शतक म्हणजे इसवी सन ६०१ ते ७००, सातशेच्या पुढची सालं नव्हेत. आणि जैन मूर्तींवर कोरलेलं साल बहुधा विक्रम संवतातलं असतं. इसवी सन काढायला त्यातून ५७ वजा करा. साल शालिवाहन शकातलं असेल तर त्यात ७८ मिळवा. तारखेआधी 'सर्का' असेल तर साल अंदाजे आहे. टेराकोटा म्हणजे भाजकी माती, शिस्ट म्हणजे गांधार मूर्तींचा करडा, पापुद्र्यांचा दगड. वस्तूच्या क्रमांकाचा आकडा वहीत लिहून घ्या. नंतर कुणाला विचारायचं तर 'ती कोपऱ्यातली मूर्ती' म्हणून कुणी सांगू शकत नाही.

मुलं, आजी-आजोबा, शाळेची सहल

दहा वर्षांखालच्या मुलाचा दम पाऊण तासात संपतो. त्याला आधी पक्षी-प्राण्यांचं दालन दाखवू नका. ते बघितल्यावर मूर्तींकडे मन वळत नाही. ते शेवटी, बक्षीस म्हणून. आजी-आजोबा बरोबर असतील तर लिफ्ट आणि चाकाच्या खुर्चीची चौकशी दारातच करा आणि सगळ्यांनी एका चालीनं फिरायचा हट्ट सोडा. भेटायची जागा आणि वेळ ठरवून वेगवेगळे व्हा.

शाळा नेणाऱ्या गुरुजी-बाईंनी संग्रहालयाला आधी पत्र किंवा ईमेल करावा आणि सवलतीची चौकशी करावी. साठ मुलं एकदम एका दालनात नेली तर मागच्या पन्नासांना पुढच्या दहांची डोकी दिसतात. दहा-दहाचे गट, प्रत्येकाला वेगळं दालन, चाळीस मिनिटांनी अदलाबदल. प्रत्येक मुलाला एकच काम द्यायचं: एक वस्तू निवड आणि पेन्सिलनं काढ. चित्र कसं येतं याला महत्त्व नाही, काढायला दहा मिनिटं बघावं लागतं याला आहे.

दुपारनंतर

अंगात त्राण असेल तरच पुढे जा. बाजूच्या जहांगीर कलादालनात प्रवेशाला पैसे लागत नाहीत. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या दालनात जिवंत कलावंतांची प्रदर्शनं लागतात, साधारण मंगळवार ते सोमवार. चित्रकार तिथेच बसलेले असतात. विकत घ्यायचं नसलं तरी बोला, रंग कुठला, कापड कुठलं, किती दिवस लागले ते विचारा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात आहे. दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत दालनं बंद असतात, तेव्हा आधी बघून जा.

परतीची रात्रीची गाडी सात-आठच्या सुमाराला असेल तर पाचलाच बाहेर पडा. जमा केलेली पिशवी घ्यायला शेवटच्या अर्ध्या तासात रांग लागते. पुढे वीस-पंचवीस मिनिटांची चाल ऑफिस सुटायच्या गर्दीतून आहे, आणि स्टेशनच्या क्लोक रूमवरही वेळ जातो. वहीतले वस्तूंचे क्रमांक आणि नावं गाडीत बसल्याबसल्या, कल्याण यायच्या आत, नीट उतरवून काढा.